योहान, पॉलिकार्प, इरेनियस: प्रेषितांच्या शिकवणीची साखळी मूळ मजकुरातून कशी तपासावी

धर्मशिक्षणाच्या वर्गात "चर्चपित्यांनी असे म्हटले आहे" या वाक्यावर विषय संपतो, आणि बायबल अभ्यासवर्गात "परंपरा" हा शब्द ऐकताच विषय सुरूच होत नाही. दोन्हीकडे चर्चपित्यांचे, म्हणजे सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांचे, मूळ लेखन मात्र कोणी उघडत नाही. हे लेखन फार मोठे नाही. येशूनंतरच्या पहिल्या दीडशे वर्षांत शिकवण कोणाकडून कोणाकडे गेली, हे पाहण्यासाठी लागणारा मजकूर आठवड्याला तासाभराच्या दोन बैठका, अशा हिशेबाने दहा आठवड्यांत वाचून होतो. शीर्षकातला योहान हा येशूचा प्रेषित, पॉलिकार्प स्मुर्णाचा बिशप आणि इरेनियस लियोंचा बिशप. कोणत्या क्रमाने वाचावे, काय टिपून ठेवावे आणि कुठे फसगत होते, ते पुढे दिले आहे.

बसण्याआधी

एक जाड वही घ्या आणि पानावर पाच रकाने आखा: सांगणारा कोण, तो कधी आणि कुठे होता, त्याने हे कोणाकडून ऐकले, नेमके काय सांगितले, आणि हा मजकूर आपल्यापर्यंत कोणत्या हस्तलिखितातून आला. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच चुकतात. एखाद्या लेखकाचे ग्रीक वाक्य जसेच्या तसे हाती असणे वेगळे, दोनशे वर्षांनंतरच्या कोणी दिलेला उतारा असणे वेगळे, आणि केवळ लॅटिन भाषांतर उरलेले असणे आणखी वेगळे.

संदर्भाचे आकडे वाचायला शिका. इरेनियसच्या ग्रंथाचा "३.३.४" असा संदर्भ म्हणजे तिसरे पुस्तक, तिसरा अध्याय, चौथा परिच्छेद. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस याच्या चर्च इतिहासाचा "५.२०" म्हणजे पाचवे पुस्तक, विसावा अध्याय. हे आकडे सगळ्या भाषांतरांत जवळपास सारखेच असल्याने पानांचे क्रमांक टिपत बसू नका.

मराठी शब्दांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. ग्रीकमधला "एपिस्कोपोस" आपल्याकडे कुठे अध्यक्ष होतो, कुठे बिशप, तर वसईच्या कॅथलिक वापरात महागुरुस्वामी. "प्रेस्बितेरोस" कुठे वडील, कुठे धर्मगुरू. पहिल्या शतकातल्या वाक्यात "महागुरुस्वामी" वाचले की डोळ्यांपुढे आजचा धर्मप्रांत येतो, "वडील" वाचले की आजची मंडळीची पंचकमिटी येते. दोन्ही चित्रे चुकीच्या काळातली आहेत. वहीत मूळ शब्दच देवनागरीत लिहा: एपिस्कोपोस, प्रेस्बितेरोस, दियाकोनोस (सेवक). "सोपवलेली गोष्ट" या अर्थाचा "पारादोसिस" हा शब्दही तसाच ठेवा.

सुरुवात नव्या करारातून

पहिल्या बैठकीत चारच जागा वाचा. करिंथकरांस पहिल्या पत्रात ११:२३ आणि १५:३ येथे पौल म्हणतो की जे मला मिळाले तेच मी तुमच्या हवाली केले. एकदा प्रभुभोजनाविषयी, एकदा ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान यांविषयी. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात २:१५ मध्ये तोंडी आणि पत्राने, अशा दोन्ही वाटा येतात. तीमथ्याला दुसऱ्या पत्रात २:२ हे एकच वचन आहे, पण त्यात चार कड्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि ती माणसे ज्यांना शिकवतील ते. या चार कड्या वहीच्या पहिल्या पानावर काढा.

लगेच मार्क ७:८ सुद्धा वाचा. तिथे येशू माणसांच्या परंपरेवर कडक टीका करतो, आणि ग्रीक शब्द तोच आहे, पारादोसिस. म्हणजे शब्द चांगलाही नाही आणि वाईटही नाही. कोणाकडून आले आणि काय आले, हे विचारावेच लागते.

डिडाखे आणि क्लेमेंटचे पत्र

डिडाखे, म्हणजे "शिकवण", हे १६ छोट्या अध्यायांचे पुस्तक एका बैठकीत संपते. त्याचे महत्त्व तपशिलात आहे. सातव्या अध्यायात बाप्तिस्म्याची कृती आहे: वाहते पाणी घ्यावे, नसेल तर दुसरे, थंड शक्य नसेल तर कोमट, दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओतावे, बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करावा. आठव्यात बुधवार आणि शुक्रवारचा उपास आणि दिवसातून तीनदा प्रभूची प्रार्थना. अकराव्यात फिरत्या प्रेषितांची परीक्षा: तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला किंवा निघताना पैसे मागितले तर तो खोटा. पंधराव्यात "आपल्यासाठी एपिस्कोपोस आणि दियाकोनोस निवडा" असे येते. फिरस्त्या शिक्षकांकडून स्थानिक जबाबदार माणसांकडे काम सरकताना इथे दिसते. मौखिक शिकवणीला खोट्या वाहकांचा धोका आहे, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते.

क्लेमेंटचे पहिले पत्र साधारण इ.स. ९६ चे, रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला लिहिलेले. त्यात ६५ अध्याय आहेत आणि लांबी मार्काच्या शुभवर्तमानापेक्षा थोडी कमी आहे. करिंथमध्ये काही तरुणांनी प्रेस्बितेरोसांना पदावरून काढले होते, हे कारण. घाई असेल तर १ ते ६, ४० ते ४७ आणि ६२ ते ६५ वाचा. ४२ मध्ये क्रम आहे: देवाकडून ख्रिस्त, ख्रिस्ताकडून प्रेषित, प्रेषितांनी नेमलेले एपिस्कोपोस आणि दियाकोनोस. ४४ मध्ये पुढची व्यवस्था आहे: नेमलेले वारले की इतर कसोटीस उतरलेल्या माणसांनी ते काम घ्यावे, संपूर्ण मंडळीच्या संमतीने. हे "संमतीने" वहीत अधोरेखित करा, वाद घालताना ते हमखास गळते. ६३ मध्ये पत्र नेणाऱ्यांविषयी म्हटले आहे की ते तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत आमच्यात निर्दोष राहिलेले आहेत. इ.स. ९६ ला जो म्हातारा आहे, त्याचे तारुण्य पौल आणि पेत्र यांच्या हयातीत गेलेले असणार. करिंथला पत्रासोबत जिवंत साक्षीदारही पोहोचले, ते असे.

इथे तीन चुका वारंवार होतात. पत्रात क्लेमेंटचे नाव कुठेही नाही; ते नाव नंतरच्या साक्षींतून येते, त्यातली महत्त्वाची साक्ष इ.स. १७० च्या आसपासच्या करिंथच्या दियोनिसियसची, युसेबियस ४.२३ मध्ये. दुसरे, या पत्रात एका शहरात एकच बिशप असे चित्र नाही. एपिस्कोपोस आणि प्रेस्बितेरोस हे शब्द अदलाबदलीने येतात. तिसरे, "क्लेमेंटचे दुसरे पत्र" म्हणून जे छापले जाते ते पत्र नाही, प्रवचन आहे, आणि ते दुसऱ्याच कोणाचे आहे.

पाचव्या रकान्यात लिहा: या पत्राचा पूर्ण ग्रीक मजकूर आणि डिडाखे, दोन्ही १०५६ साली लिहिलेल्या एकाच हस्तलिखितात मिळाले. फिलोथेऑस ब्रिएनिओस यांना ते १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडले. क्लेमेंट १८७५ मध्ये छापला गेला, डिडाखे १८८३ मध्ये. त्यापूर्वी पाचव्या शतकातल्या अलेक्झांड्रियन हस्तलिखितातून क्लेमेंट माहीत होता, पण त्यातले शेवटाजवळचे एक पान हरवलेले होते.

इग्नेशियस: योग्य मजकूर निवडा

अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला सम्राट ट्राजनच्या काळात दहा शिपायांच्या पहाऱ्यात रोमला नेले जात होते. वाटेत त्याने सात पत्रे लिहिली. स्मुर्णाहून चार: इफिस, मग्नेशिया, ट्राल्लेस आणि रोम येथील मंडळ्यांना. त्रोवसहून तीन: फिलदेल्फिया, स्मुर्णा आणि स्वतः पॉलिकार्प याला.

सर्वांत मोठी फसगत इथे होते. ही पत्रे तीन रूपांत आली आहेत. लांब रूपात १३ पत्रे आहेत आणि त्यात चौथ्या शतकातली भर आहे. मधल्या रूपात सात पत्रे आहेत, आणि अभ्यासक बहुसंख्येने तीच खरी मानतात. सिरियाक भाषेतल्या संक्षिप्त रूपात तीनच. मोफत मिळणाऱ्या १९ व्या शतकातल्या इंग्रजी भाषांतरात लांब आणि मधले रूप शेजारीशेजारी छापले आहे, आणि मधल्या रूपाला तिथे "लहान" म्हटले आहे. तेच "लहान" वाचा. तार्सकरांना किंवा मरियेला लिहिलेली म्हणून जी पत्रे दिसतील ती सोडून द्या. त्रैक्याची पुढच्या शतकांतली काटेकोर भाषा इग्नेशियसच्या तोंडी सापडली, तर तुम्ही बहुधा लांब रूपात शिरला आहात.

वाचताना ट्राल्लेसकरांस पत्राचा नववा अध्याय उतरवून घ्या: खरोखर जन्मला, जेवला, प्याला, पंतय पिलाताच्या अमलात खरोखर छळला गेला, खरोखर वधस्तंभावर मरण पावला, खरोखर उठवला गेला. "खरोखर" हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, कारण ख्रिस्ताचे शरीर केवळ भास होता असे म्हणणाऱ्यांना तो उत्तर देतो आहे. हा उतारा नंतर लागेल. स्मुर्णाकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात "कॅथलिक मंडळी" हा शब्दप्रयोग आहे, आपल्याला माहीत असलेला पहिला. त्याचा अर्थ तिथे अखिल मंडळी असा आहे. आजच्या एखाद्या पंथाचे नाव म्हणून वाचू नका. आणि एक मौन टिपा: इतर मंडळ्यांना लिहिताना बिशपचा आग्रह धरणारा इग्नेशियस रोमकरांना लिहिताना तिथल्या बिशपचा उल्लेखच करत नाही.

मुख्य काम: एक साखळी कडीकडीने तपासा

आता साखळीच हातात घ्या. इरेनियस म्हणतो, मी लहानपणी पॉलिकार्पला पाहिले, आणि पॉलिकार्प प्रेषितांकडून, योहानाकडून शिकला. हे दोन ठिकाणी वाचा: इरेनियसचा पाखंडांविरुद्धचा ग्रंथ ३.३.४, आणि त्याने फ्लोरिनसला लिहिलेले पत्र, जे युसेबियस ५.२० मध्ये उरले आहे. या पत्रात तो पॉलिकार्प कुठे बसून बोलत असे, त्याचे येणे-जाणे कसे होते, योहानाशी झालेल्या सहवासाविषयी तो काय सांगे, हे आठवतो. ज्याला तो हे लिहितो तो फ्लोरिनसही तरुणपणी त्याच घरात येत असे. म्हणजे खोटे सांगितले असते तर पकडू शकणाऱ्या माणसालाच ते लिहिले आहे. या साक्षीचे वजन इथे वाढते.

आधी वर्षांचा हिशेब करा. पॉलिकार्पचा मृत्यू बहुतेकांच्या मते इ.स. १५५ किंवा १५६ मध्ये. त्याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात तो म्हणतो की ८६ वर्षे मी ख्रिस्ताची सेवा केली. १५५ मधून ८६ वजा करा: ६९. इरेनियसच्या म्हणण्यानुसार योहान ट्राजनच्या काळापर्यंत इफिसला होता, आणि ट्राजन इ.स. ९८ मध्ये गादीवर आला. तेव्हा पॉलिकार्प किमान २९ वर्षांचा. इरेनियसने आपला मोठा ग्रंथ इ.स. १८० च्या सुमारास गॉलमधल्या लियोंला लिहिला. काळाच्या दृष्टीने साखळी बसते. पण काळ बसला म्हणून गोष्ट सिद्ध होत नाही, म्हणून पुढे जा.

पॉलिकार्पचे स्वतःचे फिलिप्पैकरांस पत्र काढा आणि योहानाचे नाव शोधा. ते नाही. पौलाचे नाव आहे, योहानाचे नाही. इग्नेशियसने पॉलिकार्पला लिहिलेल्या पत्रातही नाही. हे मौन लपवू नका, वहीत लिहा. आता त्याच पत्राचा सातवा अध्याय सावकाश वाचा. येशू ख्रिस्त देहाने आला हे जो कबूल करत नाही तो ख्रिस्तविरोधी, हे वाक्य योहानाच्या पहिल्या पत्रातील ४:२-३ च्या अगदी जवळचे आहे. नाव नाही, पण वाणी आहे. पुढे पुनरुत्थान आणि न्याय नाकारणाऱ्याला पॉलिकार्प "सैतानाचा प्रथमजात" म्हणतो. इरेनियस ३.३.४ मध्ये सांगतो की मंडळीने पाखंडी ठरवलेला शिक्षक मार्कियन समोर आला तेव्हा पॉलिकार्पने त्याला नेमके हेच शब्द ऐकवले. म्हणजे इरेनियसने सांगितलेला पॉलिकार्प आणि पत्रातला पॉलिकार्प एकाच ढंगाने बोलतात. त्याच अध्यायात शेवटी तो म्हणतो: सुरुवातीपासून आपल्या हवाली केलेल्या वचनाकडे परत वळू या. वहीच्या पहिल्या पानावरच्या कड्यांशी हे जोडा.

या पत्राचा पाचवा रकाना भरताना नोंदवा की १० ते १२ आणि १४ हे अध्याय फक्त लॅटिनमध्ये उरले आहेत, तेरावा मुख्यतः युसेबियसमुळे ग्रीकमध्ये मिळतो. याच तेराव्यात पॉलिकार्प फिलिप्पैकरांना कळवतो की इग्नेशियसची आमच्याकडे असलेली पत्रे सोबत पाठवत आहोत. इग्नेशियसची पत्रे टिकली, त्यामागे ही धडपड आहे. वचन हवाली करणे म्हणजे प्रत्यक्षात कोणीतरी बसून नक्कल करणे, आणि कोणीतरी ती वाट तुडवत नेणे. पॉलिकार्पच्या हौतात्म्याच्या वृत्तांताच्या २२ व्या अध्यायात नक्कल करणाऱ्यांची यादीच आहे: इरेनियसच्या कागदांवरून गायसने, गायसच्या प्रतीवरून करिंथमध्ये सॉक्रेटिसने. इरेनियसने आपल्या एका हरवलेल्या ग्रंथाच्या शेवटी पुढच्या नक्कलकारांना प्रभूची शपथ घातली होती की मूळ प्रतीशी ताडून दुरुस्त करा. ती शपथ युसेबियसने ५.२० मध्ये जपली. ही वाक्ये वाचताना पुस्तकाविषयी, ते लिहिणाऱ्या हातांविषयी आदर दाटून येतो.

"वडिलांनी सांगितले" हे शब्द पुरेसे नाहीत

हाच इरेनियस २.२२ मध्ये सांगतो की येशू चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे झुकला होता, आणि आशियातले (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातले) वडील, म्हणजे प्रेस्बितेरोस, योहानाकडून ऐकून याची साक्ष देतात. लूक ३:२३ मध्ये कामाला सुरुवात करताना येशू सुमारे तीस वर्षांचा आहे. इरेनियसचे हे मत मंडळीने स्वीकारले नाही. ५.३३ मध्ये तो येणाऱ्या राज्यातल्या द्राक्षवेलींचे वर्णन देतो, प्रत्येक वेलीला दहा हजार फांद्या, आणि त्याचा आधार हेरापलीचा पापियास. पापियासची पाच पुस्तके हरवली आहेत, तुकडे उरले आहेत. इरेनियस त्याला योहानाचा श्रोता म्हणतो, युसेबियस ३.३९ मध्ये पापियासची प्रस्तावनाच उद्धृत करून दाखवतो की त्याने प्रेषितांच्या अनुयायांकडून ऐकले, आणि तो दोन योहानांची नावे घेतो. दोन्ही मते वहीत समोरासमोर लिहा, एकाला खोडू नका.

म्हणून नियम असा ठेवा: एका प्रदेशातल्या वडिलांची आठवण आणि सगळ्या मंडळ्यांनी मिळून कबूल केलेली गोष्ट, यांना वेगळ्या शाईने लिहा. इरेनियसचाही मुख्य मुद्दा दुसऱ्या प्रकारचाच आहे. ३.१ ते ३.५ वाचा. ज्ञानवादी गट म्हणत होते की प्रेषितांनी खरी शिकवण गुपचूप निवडकांना दिली. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट (हा वरच्या पत्राचा क्लेमेंट नव्हे) सांगतो की ज्ञानवादी गुरू व्हॅलेंटिनस याचे अनुयायी त्याला पौलाचा शिष्य थ्यूदास याच्याशी जोडत आणि दुसरा ज्ञानवादी गुरू बासिलिदीस याचे अनुयायी त्याला पेत्राचा दुभाषा ग्लाउकियास याच्याशी. म्हणजे गुरुपरंपरेची नावे विरोधकांकडेही होती! इरेनियसचे उत्तर असे की आमची यादी उघड आहे, शिकवण सर्वांदेखत झाली आहे आणि दूरदूरच्या मंडळ्या एकच सांगतात. उदाहरणादाखल तो रोमच्या बिशपांची यादी देतो, लिनसपासून एल्युथेरसपर्यंत १२ नावे. उत्तर आफ्रिकेतला लॅटिन लेखक टर्टुलियन मात्र रोमच्या क्लेमेंटला थेट पेत्राने नेमले असे सांगतो, तर इरेनियसच्या यादीत तो तिसरा. यादीतल्या पहिल्या नावांवर म्हणूनच फार भार टाकू नये.

३.३.२ मध्ये रोमविषयीचे जे वाक्य वादात नेहमी येते, त्याचे ग्रीक हरवले आहे. उरलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ "सहमत होणे" असाही होतो आणि "तिथे जमणे" असाही. एका हरवलेल्या शब्दावर कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट, कोणीही घर बांधू नये.

पुनरुत्थानसण (ईस्टर) कधी पाळायचा याविषयीही वाचा, युसेबियस ५.२४. पॉलिकार्प रोमला गेला तेव्हा पुनरुत्थानसणाच्या दिवसावर त्याचे आणि रोमचा बिशप अनिसेटस याचे जमले नाही. पॉलिकार्पकडे योहानाची पद्धत, अनिसेटसकडे आधीच्या वडिलांची. दोघेही हटले नाहीत, तरी अनिसेटसने त्याला प्रभुभोजनाचा विधी चालवू दिला आणि ते शांततेत निरोप घेऊन गेले.

विश्वासाचा नियम: उतारे समोरासमोर ठेवा

विश्वासाचा नियम म्हणजे मंडळ्यांनी मान्य केलेल्या शिकवणीचा गाभा. आता दोन पानांवर पाच उतारे मांडा: इग्नेशियसचा ट्राल्लेसकरांस नववा अध्याय, इरेनियस १.१०.१ आणि ३.४.२, त्याच्याच "प्रेषितीय उपदेशाचे विवरण" या छोट्या पुस्तकाचा सहावा अध्याय, आणि टर्टुलियनच्या पाखंडांविरुद्धच्या हरकतनाम्याचा तेरावा. ते छोटे पुस्तक १९०४ मध्ये अर्मेनियन भाषेत सापडले, १९०७ मध्ये छापले गेले. त्यात १०० छोटे अध्याय आहेत. प्रत्येक उताऱ्यात एक देव निर्माणकर्ता, कुमारीपासून जन्म, दुःखसहन, पुनरुत्थान, स्वर्गारोहण, पुनरागमन, पवित्र आत्मा, न्याय यांवर खुणा करा.

लगेच दिसेल की गाभा सारखा आहे, शब्द नाहीत. ३.४.२ मध्ये पिलात आहे, १.१०.१ मध्ये नाही. १.१०.१ मध्ये पवित्र आत्म्याचे कलम आहे, ३.४.२ मध्ये नाही. टर्टुलियन "शून्यातून निर्माण केले" हे जोडतो. एकाच माणसाच्या एकाच ग्रंथात शब्द बदलतात, म्हणजे इ.स. १८० ला ठरीव मतांगिकार (विश्वासाचा ठरलेल्या शब्दांतला कबुलीजबाब) नव्हता; ठरलेला होता तो आशय. एखाद्या उताऱ्यात कलम नाही म्हणून लेखकाला ते मान्य नव्हते, असा निष्कर्ष काढू नका. ३.४.२ हा उतारा ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा जमातींविषयी आहे: कागद-शाईशिवाय, आत्म्याने हृदयावर लिहिलेले तारण ते जपतात, असे इरेनियस म्हणतो.

तोंडपाठ हवाली करणे

दहाव्या आठवड्यात चौथ्या शतकात या. यरुशलेमच्या सिरिलने इ.स. ३५० च्या सुमारास बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना दिलेली १८ व्याख्याने आणि त्यांचे प्रास्ताविक मिळते. फक्त पाचवे पुरेल. ५.१२ मध्ये तो मतांगिकार देताना बजावतो की हा कागदावर लिहू नका, मनावर कोरा, आपसात घोका. ठरलेल्या दिवशी मतांगिकार उमेदवाराच्या हवाली करायचा आणि पुढे त्याने तो पाठ म्हणून परत द्यायचा, ही रीत रोममध्येही होती; ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या आठव्या पुस्तकात वृद्ध पंडित व्हिक्टोरिनसने तो भर सभेत उंचावर उभा राहून म्हटल्याचे लिहिले आहे. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही: गोव्यात १६१६ साली छापलेले थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण ओवीतच आहे, मोठ्याने म्हणण्यासारखे.

सिरिलचे पाचवे व्याख्यान संपले की वहीचे पहिले पान उघडा. पौलाच्या चार कड्यांखाली तुम्ही भरलेली नावे ठेवा आणि प्रत्येक दोन नावांमध्ये पुराव्याचा आकडा लिहा: पत्र कोणते, अध्याय कोणता, मजकूर ग्रीकमध्ये की भाषांतरात. जिथे आकडा सापडत नाही तिथे जागा कोरी सोडा.